तिसऱ्या मजल्यावरचं ॲमस्टरडॅम

'कुबडी' या शब्दाला आपल्या भाषेत फारसा मान नाही. सरकार डळमळीत झालं की ते कुणाच्या तरी कुबड्यांवर उभं असतं, विद्यार्थी गाइडच्या कुबड्या घेऊन पास होतो, आणि ज्याला स्वतःचं मत नाही तो दुसऱ्याच्या विचारांच्या कुबड्या काखेत मारून हिंडतो. एकूण काय, कुबड्या म्हणजे आयतं मिळालेलं काहीतरी. खऱ्या कुबड्या हाती आल्यावर मात्र दोन दिवसांत कळतं, की या वस्तूत आयतं असं काहीच नाही. कुबड्या माणसाला उचलून नेत नाहीत. माणूसच दर पावलागणिक स्वतःला दोन तळहातांवर उचलत असतो, आणि रात्री पायापेक्षा हातच जास्त ठणकतात.

लंडनमध्ये पावसाळी संध्याकाळी बसमधून उतरताना माझा पाय मुरगळला आणि घोट्याजवळचं हाड मोडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. रुग्णालयातून पायात गुडघ्यापर्यंत येणारा, चांद्रवीरांच्या बुटासारखा एक अगडबंब बूट आणि हातात दोन करड्या रंगाच्या कुबड्या घेऊन मी घरी आले. आपल्याकडे कुबडी म्हटलं की काखेत धरायची लाकडी किंवा ॲल्युमिनियमची, वर गादी बसवलेली आठवते. इथल्या कुबड्या कोपराखाली संपतात. मनगटाच्या वर एक अर्धगोल कडं, हाताला मूठ, आणि खाली रबरी बूच. एमिल श्लिक नावाच्या फ्रेंच माणसानं पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत या जातीच्या कुबडीचं पेटंट घेतलं होतं. त्या काळात युरोपात अशा वस्तूला गिऱ्हाइकांची वाण पडणार नव्हती, हे वेगळं सांगायला नको. काखेतल्या कुबडीवर भार टाकून लटकलं तर काखेतून जाणारी नस दाबली जाते आणि मनगट लुळं पडू शकतं. कोपराच्या कुबडीत ती भीती नाही, पण सगळा भार पंजावर येतो. मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर हवी, कोपर किंचित वाकलेलं हवं, आणि जिन्याचा नियम पाठ हवा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तो माझ्याकडून तीनदा म्हणून घेतला. "एका पायावर तोल बरा आहे तुमचा," असंही त्या म्हणाल्या. लंडनच्या त्या बाईंना लंगडी हा खेळ काय असतो ते सांगायला मला पाच मिनिटं लागली. शाळेच्या मैदानावर धुळीत नऊ-नऊ मिनिटांचे डाव खेळलेली मुलगी पन्नाशीत त्याचं व्याज खाते आहे, हे त्यांना कितपत पटलं कोण जाणे.

हाड मोडून तीन आठवडे झाले होते, तेव्हा मी ॲमस्टरडॅमला जायचं ठरवलं. तिथे माझी वसतिगृहातली मैत्रीण राहते. पुण्यात आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली. ती सांगलीची. सुट्टीहून परतताना तिच्या पिशवीत काकूंनी दिलेलं भडंग असायचं आणि ते पहिल्याच रात्री आमच्या मजल्यावरच्या आठजणी फस्त करायच्या. मग काकू जास्त देऊ लागल्या. दोन डबे. एकावर चिठ्ठी चिकटवलेली, तिच्या नावाची, आणि दुसऱ्यावर माझ्या.

त्या काकू गेल्या. मैत्रीण तातडीनं निघाली, पण विमानांच्या जोडण्या जुळता जुळता तिसरा दिवस उजाडला. कृष्णेकाठचं सगळं आटोपल्यावर ती घरी पोचली. तेरावा करून, वडिलांना भावाच्या हवाली करून ती परत ॲमस्टरडॅमला आली, आणि तिथे एकटी होती. फोनवर ती ऑफिसातल्या कामाबद्दल बोलायची, हवेबद्दल बोलायची. आपल्याकडे समाचाराला जायची पद्धत आहे. माणसं येतात, सतरंजीवर बसतात, फारसं बोलत नाहीत, उठून जातात. या येण्याजाण्याला काय अर्थ, असं तरुणपणी वाटायचं. ॲमस्टरडॅमच्या घरात सतरंजी घालायला कुणी आलंच नव्हतं. तिला लंडनला बोलवावं, तर भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा मिळायला आठवडे लागतात. माझ्या पासपोर्टवर कामानिमित्त घेतलेला युरोपचा व्हिसा होता. म्हणजे जायचं मीच, आणि आहे त्या पायानं.

डॉक्टरांनी विमानाऐवजी रेल्वे बरी म्हटलं. पाय लोंबता ठेवून तासन्‌तास बसू नका, बोटं हलवत राहा, रक्ताची गुठळी होऊ देऊ नका, इतकंच बजावलं. लंडनहून ॲमस्टरडॅमला थेट गाडी २०१८ च्या एप्रिलपासून सुरू झाली. साधारण चार तासांचा प्रवास. शुक्रवारी दुपारी निघून रविवारी संध्याकाळी परत यायचं, असा बेत ठरला. सामान पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढंच, कारण कुबडीवाल्याला हात नसतात. हे वाक्य ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. मोडलेला असतो पाय आणि जातात हात. दार ढकलता येत नाही, छत्री धरता येत नाही, तिकीट काढायचं तर आधी भिंत शोधावी लागते.

स्टेशनवर मदत हवी असं आधी कळवलेलं होतं, त्यामुळे चाकांची खुर्ची घेऊन एक गृहस्थ हजर होते. आपल्या वाचकांना या खुर्चीची ओळख निराळ्या कारणानं असेल. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांसाठी आपण ती सर्रास मागून ठेवतो. पाय ठणठणीत असतात, पण मधल्या विमानतळावर कुठून कुठे जायचं हे कळणार नाही, इंग्रजीत विचारायचा संकोच, म्हणून खुर्ची. विमान कंपन्यांच्या परिभाषेत त्या खुर्चीच्याही जाती आहेत. 'डब्ल्यूसीएचआर' म्हणजे जिना चढता येतो पण लांब चालवत नाही. 'डब्ल्यूसीएचएस' म्हणजे जिनाही चढवत नाही. 'डब्ल्यूसीएचसी' म्हणजे थेट आसनापर्यंत न्यावं लागतं. चौथी जात, म्हणजे चालता येतं पण एकट्यानं जायची धास्ती वाटते, ती काही त्यांच्या यादीत नाही. प्रवासी मात्र बहुतेक त्याच जातीचे असावेत.

खुर्चीत बसल्यावर आणखी एक गोष्ट घडते. लोक आपल्याशी बोलायचे थांबतात. पासपोर्ट तपासणाऱ्यानं माझ्या डोक्यावरून खुर्ची ढकलणाऱ्या गृहस्थांना विचारलं, "यांना उभं राहता येतं का?" ब्रिटनच्या रेडिओवर १९७७ पासून १९९८ पर्यंत अपंगांसाठी एक कार्यक्रम चालत असे. त्याचं नावच होतं, 'यांना साखर लागते का?' चहा पिणारा समोर बसलेला असताना साखरेचा प्रश्न सोबत आलेल्याला विचारायचा, या सवयीवर ते बोट होतं. कार्यक्रम बंद पडला, सवय चालू आहे. माझ्या मागच्या गृहस्थांनी मात्र छान केलं. ते काही बोलले नाहीत, नुसतेच माझ्याकडे बघत राहिले. मग अधिकाऱ्यालाही माझ्याकडे बघावं लागलं.

खाडीखालच्या बोगद्यात गाडी शिरते तेव्हा काही दिसत नाही, नुसता काळोख. पन्नास किलोमीटरांहून थोडा लांब बोगदा, त्यातले अडतीसएक किलोमीटर समुद्राखाली. १९९४ मध्ये तो सुरू झाला, तेव्हा आम्ही दोघी वसतिगृहात होतो आणि पेपरातला त्याचा फोटो तिनं कपाटाच्या दाराला चिकटवला होता. आपण कधीतरी यातून जाऊ, असं ती म्हणाली होती. ती अजून त्यातून गेलेली नाही. व्हिसाची तीच रड.

ॲमस्टरडॅमला ती मला घ्यायला आली. आम्ही मिठी मारायला गेलो आणि दोन्ही कुबड्या खणखणाट करत फलाटावर पडल्या. झालं, रडायचं राहूनच गेलं. ती वाकून कुबड्या गोळा करू लागली.

तिचं घर 'दे पाइप' नावाच्या वस्तीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कामगारांसाठी भराभर बांधलेली ही वस्ती. अरुंद रस्ते, खेटून उभी विटांची घरं, मधोमध मोठा बाजार. २०१८ मध्ये जी नवी भुयारी रेल्वे सुरू झाली तिचं एक स्टेशन इथे आहे. वरचा रस्ता इतका चिंचोळा, की दोन फलाट शेजारी शेजारी मावले नाहीत, एकाखाली एक काढावे लागले. या गाडीसाठी खोदकाम चालू असताना २००८ मध्ये शहराच्या मध्यभागातली काही जुनी घरं खचली होती. पण काम मात्र पक्कं केलं आहे. गाडीचा तळ आणि फलाट एका पातळीत, प्रत्येक स्टेशनला लिफ्ट. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पावणेतीनशेच्या आसपास स्टेशनांपैकी जेमतेम एक तृतीयांश स्टेशनांवर जिन्याशिवाय जाता येतं, आणि कुठल्या स्टेशनावर लिफ्ट आहे हा माझ्या महिन्याभराच्या अभ्यासाचा विषय होता. इथे तसा अभ्यास करावा लागला नाही. रस्त्यावर खरी भीती सायकलींची. लाल रंगाच्या पट्ट्यावरून त्या अशा सुसाट येतात, की कुबडीचं टोक जरी त्यावर पडलं तरी चार घंट्या एकदम वाजतात. सिग्नल हिरवा झाला की खांबावरचं यंत्र टकटक-टकटक असं घाईनं वाजू लागतं. ते अंधांसाठी असतं. कुबडीवाल्याला त्याचा ताल पकडता येत नाही, हे आपलं माझं गाऱ्हाणं.

घर आलं. दार उघडून ती बाजूला झाली, आणि मी जिना पाहिला.

वाचकहो, पुण्याच्या वाड्यातले जिने मी चढले आहेत. दोराला धरून वर जायचे, डोकं सांभाळायचे. त्यांची थोरली बहीण शोभावी असा तो जिना होता. जिना कसला, भिंतीला टेकवलेली शिडीच. पायरी इतकी आखूड, की आख्खं पाऊल मावत नाही. जुन्या ॲमस्टरडॅममध्ये घरं अशीच आहेत. दलदलीत लाकडी खांब ठोकून त्यावर शहर उभं केलं. धरण चौकातल्या राजवाड्याखाली १३,६५९ खांब आहेत, आणि हा आकडा तिथल्या शाळकरी पोरांना पाठ असतो. जागा महाग, म्हणून घरं चिंचोळी आणि उंच, आणि आत जिन्याला उरेल तेवढीच जागा. मग सामान वर कसं न्यायचं? तर प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई बाहेर आलेली असते, तिला आकडा. त्याला दोर आणि कप्पी लावून कपाटं, पलंग, पियानो असं सगळं रस्त्यावरून वर ओढतात आणि खिडकीतून आत घेतात. सामान भिंतीवर आपटू नये म्हणून कित्येक जुन्या घरांची दर्शनी बाजूच मुद्दाम पुढे झुकवून बांधली आहे. आणखी एक गंमत म्हणजे जिन्याच्या कडेनं वरपासून खालपर्यंत एक दोरी गेलेली असते. खाली घंटी वाजली, की वरच्या मजल्यावरून दोरी ओढायची, रस्त्यावरचं दार उघडतं. या लोकांनी दारासाठी दोरी काढली, पियानोसाठी कप्पी लावली. म्हाताऱ्या माणसासाठी काय, हा प्रश्न तीनचारशे वर्षं कुणाला पडलेला दिसत नाही.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. सत्तेचाळीस पायऱ्या. कुबड्यांवर त्या चढणं शक्यच नव्हतं. शेवटी व्यायामवाल्या बाईंनी शिकवलेला दुसरा उपाय काढला : जिन्याकडे पाठ करायची, पायरीवर बसायचं, हात मागच्या पायरीवर टेकायचे, चांगल्या पायानं रेटा द्यायचा आणि एक पायरी वर सरकायचं. तान्ह्या मुलांची पद्धत. ती माझ्या दोन पायऱ्या खाली, एका हातात कुबड्या आणि दुसऱ्या हातानं माझ्या बुटाची टाच तोलून धरलेली. अशा थाटात आमची वरात निघाली.

पहिल्या मजल्यापर्यंत आम्ही हसत होतो. तिथे दम खायला थांबलो, आणि ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आईनं पण इथेच पहिला मुक्काम केला होता."

काकू २०१९ च्या उन्हाळ्यात लेकीकडे सहा आठवडे राहून गेल्या, हे मला माहीत होतं. तेव्हाचे फोटो मी पाहिले होते. फुलं होती, खिडकी होती, काकू हसत होत्या. गुडघ्यांचा त्रास होता हेही माहीत होतं. पण या जिन्यानं काय केलं, ते मला त्या पायरीवर बसून कळलं. पहिल्या दिवशी वर यायला काकूंना पाऊण तास लागला. सहा आठवड्यांत त्या चार वेळा खाली उतरल्या. त्यातलं चौथं उतरणं विमानतळावर परत जायचं.

"मी आईला ॲमस्टरडॅम दाखवलंच नाही गं," ती म्हणाली. "खिडकी दाखवली फक्त."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. तिसऱ्या दिवशी पोचल्याचं, घाटावरून आलेल्या माणसांच्या ओल्या धोतरांचं, वडील अजून सकाळी दोन कप काढतात त्याचं, असं सगळं ती तिथे बसून सांगत राहिली. जिन्यावरचा दिवा आपोआप विझायचा, मग ती हात हलवून तो परत लावायची. सतरंजी नव्हती, पण बसण्याची रीत तीच.

दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं आणि एक वयस्कर बाई खुर्ची घेऊन बाहेर आल्या. सावळ्या, नाकात चमकी. सुरीनामच्या. १८७३ मध्ये 'लल्ला रूख' नावाच्या जहाजातून हिंदुस्थानातले पहिले मजूर दक्षिण अमेरिकेतल्या त्या डच वसाहतीत उतरले. पुढे वसाहत स्वतंत्र झाली त्या सुमारास, म्हणजे १९७५ च्या आगेमागे, त्यांच्या वंशजांतले पुष्कळ जण हॉलंडला आले. त्यांची बोली भोजपुरीतून आलेली. मैत्रीण त्यांना 'आजी' म्हणते. आपण लावलेलं नाव असं तिला वाटायचं, पण त्यांच्या बोलीतही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. काकूंना शहर दिसलं नाही, पण ही आजी भेटली. रोज दुपारी एक मजला उतरून काकू त्यांच्याकडे जाऊन बसायच्या. काकूंचं हिंदी सांगलीचं, आजींचं सुरीनामचं. दोघींना एकमेकींचं निम्मं कळत असेल. लोणच्याविषयी आणि गुडघ्यांविषयी बोलायला तेवढं पुरतं. आजींनी मला खुर्चीत बसवलं, माझ्या बुटाकडे पाहिलं आणि मैत्रिणीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग आत जाऊन दार लावून घेतलं.

एकूण बावीस मिनिटं लागली. वर पोचल्यावर तिनं चहा केला, आणि इथे माझी खरी पंचाईत झाली. तिचं सांत्वन करायला आलेली मी, आणि मला स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत कप नेता येईना. कुबड्यांवर कप नेऊन दाखवणाऱ्याला माझा नमस्कार. पाणी हवं, हाक. पिशवीतला टॉवेल हवा, हाक. समाचाराला गेलेल्या माणसानं घरच्यांना त्रास देऊ नये असा संकेत आहे, तो मी पहिल्या तासाभरातच धुळीला मिळवला. पण मला दिसलं, की तिला बरं वाटत होतं. परतल्यापासून ती दही आणि पाव खाऊन राहिली होती. त्या रात्री तिनं कुकर लावला. माझ्या पायाखाली उशी ठेवायची, बर्फाची पिशवी बदलायची, गोळीची वेळ पाहायची. काकूंच्या शेवटच्या आजारपणात जे करायला मिळालं नाही, ते सगळं ती करत होती असं म्हणणं सोपं आहे. मला तसं म्हणवत नाही. भूक लागली होती आणि घरात दुसरं माणूस होतं, एवढंही कारण पुरेसं असतं.

मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. काकूंची जागा. खाली रस्ता, सायकली, समोरच्या घराच्या तुळईचा आकडा. बाजाराचं एक टोक दिसतं. वाईट जागा नव्हे. पण सहा आठवडे?

शनिवारी खाली उतरायचं तर दिवसातून एकदाच, हे उघड होतं. जायचं कुठे ते तिनं ठरवलं. राष्ट्रीय संग्रहालय, राइक्सम्युझियम. ट्रामनं थोडे थांबे. १८८५ मध्ये उघडलेली पिएर कॉयपर्सची ती भव्य इमारत, जिच्या पोटातून सायकलींचा रस्ता आरपार जातो. दहा वर्षं डागडुजीसाठी बंद राहून ती २०१३ मध्ये पुन्हा उघडली. दाराशी कपडे ठेवण्याच्या जागेजवळ चाकांच्या खुर्च्या ओळीनं उभ्या होत्या. येणाऱ्याला वापरायला, पैसे न घेता. तिथल्या माणसानं माझ्या कुबड्या पाहून न विचारताच एक पुढे केली.

मैत्रीण जागच्या जागी थांबली. "या नेहमी असतात?" तिनं विचारलं. नेहमी, तो म्हणाला. ती या शहरात अकरा वर्षं राहते. संग्रहालयात पाहुण्यांना घेऊन दहा वेळा तरी आली असेल, पण आपल्या दोन पायांवर आलेल्या माणसाला त्या खुर्च्या दिसत नाहीत. ती पुढे कितीतरी वेळ काही न बोलता मला ढकलत राहिली. मी म्हटलं, खुर्ची इथे खाली होती आणि काकू तिथे वर, मधल्या सत्तेचाळीस पायऱ्यांना कोण काय करणार? त्यावर ती "हं" म्हणाली.

खुर्चीच्या उंचीवरून चित्रं वेगळी दिसतात. गर्दीत आपल्याला माणसांच्या कमरा दिसतात आणि 'नाइट वॉच'सारखं अवाढव्य चित्र आणखीच अंगावर येतं. व्हर्मीरची दूध ओतणारी बाई मात्र अशा बसक्या नजरेलाच भेटावी. दुधाची धार बरोबर डोळ्यांसमोर येते. रेम्ब्रांटनं १६३० च्या सुमारास भिकाऱ्यांची छोटी छोटी कोरीव चित्रं केली, त्यांत लाकडी पायाचा एक भिकारी आहे. त्याची चित्रं मी पूर्वी पुस्तकात पाहिली होती, तेव्हा त्या माणसाचा चेहराच पाहिला होता. आता आठवतो तो त्याचा खांदा. भार कुठे येतो ते रेम्ब्रांटला ठाऊक होतं.

आशियाई दालनात तामिळनाडूचा नटराज आहे. चोळकालीन, सुमारे बाराव्या शतकातला. दीड मीटर उंच, आतून भरीव, शेकडो किलो वजनाचा. तोल सांभाळून एका पायावर उभा. खुर्चीतून त्याच्याकडे बघताना मला लंगडीच आठवली, आणि मी ते तिला सांगितलं. ती फिस्‌कन हसली. मग आम्ही दोघी त्या शांत दालनात, रखवालदार बघेपर्यंत, हसत बसलो. देवानं मनावर घेतलं नसावं.

परतताना तिनं हिशेब मांडायला सुरुवात केली. तिचे वडील जूनमध्ये यायचे आहेत. डावा गुडघा गेलेला, वय अठ्ठ्याहत्तर. हॉलंडमध्ये घरी लागणारी अशी साधनं तात्पुरती उसनी देणारी दुकानं आहेत, हे तिनं संग्रहालयातल्या माणसाला विचारून घेतलं होतं. मी म्हटलं, यात नवल नाही, आपल्या प्रत्येक गावात एखादं मंडळ, एखादं देऊळ, एखादे निवृत्त गुरुजी रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतच असतात. अनामत ठेवा, कुबड्या न्या, वॉकर न्या, पलंग न्या, काम झालं की आणून द्या. आपल्या समाजाच्या खात्यावर ही फार चांगली जमा आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

कायद्याच्या खात्यावरही आपली जमा वाईट नाही. अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारतानं २००७ मध्ये मान्यता दिली. हॉलंडनं दिली २०१६ मध्ये. म्हणजे शिक्का मारण्यात आपण नऊ वर्षं पुढे! आपला पहिला कायदा १९९५ चा, दुसरा २०१६ चा. या दुसऱ्यानं अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. त्याखालच्या नियमांमध्ये इमारती सुगम करण्याच्या गोष्टी सक्तीच्या नसून सुचवल्यासारख्या आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सुनावलं आणि सक्तीचे नियम करायला सांगितलं. कागदावर आपण हॉलंडच्या बरोबरीनं चालतो. पण त्यांच्या नव्या स्टेशनात लिफ्ट आहे आणि ती चालते, हा फरक फलाटावर उभं राहिल्यावर कळतो. जिन्यांच्या बाबतीत मात्र दादर, गिरगाव, सदाशिव पेठ आणि दे पाइप ही सख्खी भावंडं. आपल्याकडे तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती किती आहेत ते पाहा, आणि त्यांच्या वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांत दुपारी कोण बसलेलं असतं तेही पाहा. मंडईतून भाजी वर येते, दोरीनं टोपली सोडून पेपर वर येतो, डॉक्टरही येतात. माणूस खाली जात नाही. घरच्यांना त्याची सवय होते आणि 'आईला आता बाहेर जायची हौसच राहिली नाही' असं सगळे म्हणू लागतात.

रविवारी दुपारी तिनं वरण-भात, शेंगदाण्याची चटणी आणि आजींनी पाठवलेल्या लांब शेंगांची भाजी वाढली. काकूंच्या हातची चटणी संपत आलेली होती, बरणीच्या तळाशी चार चमचे. तिनं त्यातली दोन चमचे मला वाढली. मी नको म्हटलं नाही.

निघायची वेळ झाली. समाचाराला गेलेल्यानं निघताना 'येते' म्हणायचं नसतं आणि घरच्यांनी 'या' म्हणायचं नसतं, मुकाट्यानं उठून जायचं. पण सत्तेचाळीस पायऱ्या मुकाट्यानं उतरता येत नाहीत. मी पहिल्या पायरीवर बसले, पाय पुढे टाकला आणि खाली सरकले. उतरणं चढण्याहून सोपं असतं, फक्त खाली बघायचं नाही. कुबड्या आधीच दोरीला बांधून तळाशी सोडल्या होत्या. चार पायऱ्या उतरल्यावर माझ्या मागे खसखस ऐकू आली. वळून पाहिलं, तर मैत्रीणही जिन्यावर बसली होती. एक पाय ताठ धरून, हात मागे टेकून, माझ्यासारखीच सरकत सरकत येत होती.

"तू का?" मी विचारलं.

"बाबांना जमेल का ते बघते. कुठे लागतं, कुठे धरायला नाही, ते त्यांना आधी सांगता यायला हवं."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा संपतो आणि हात टेकायला काहीच राहत नाही. तिथे ती थांबली, भिंतीवर तळवा ठेवून पाहिला आणि म्हणाली, इथे एक मूठ ठोकून घ्यायला हवी. आवाज ऐकून आजींनी दार उघडलं. दोन प्रौढ बायका जिन्यावर बसून खाली सरकताहेत हे त्यांनी नीट पाहून घेतलं, आणि वाटेतल्या आपल्या चपला पायानं बाजूला केल्या.